दुधाच्या नात्यातली बातमी

माझी बायको मन्नूबिया गेली ती शुक्रवारी सकाळी, आणि तासाभरात मबरूक बाटली घेऊन दारात उभा राहिला.

दर शुक्रवारी तो यायचाच. शाहजादे फरहात यांच्या मर्साच्या घरून मन्नूबियासाठी नारंगीच्या फुलांच्या पाण्याची एक बाटली यायची. मबरूक त्यांचा म्हातारा नोकर, उंबऱ्याच्या आत पाऊल ठेवत नसे. बाटली द्यायचा आणि विचारायचा, लल्ला, म्हणजे बाईसाहेब, कशा आहेत. मन्नूबिया आतूनच ओरडायची, गुडघे सोडले तर बरी आहे म्हणावं भावाला.

त्या दिवशी दार झुबैदाने उघडलं, माझ्या मेहुणीने. तिच्या हातात मन्नूबियाची हनुवटी बांधायला काढलेला कपडा होता. आत बायका अजून रडायला लागल्या नव्हत्या, आमच्या मुलाची, खमैसची वाट बघत थांबल्या होत्या. मबरूकने नेहमीचा प्रश्न विचारला. झुबैदाने तो कपडा पाठीमागे नेला आणि म्हणाली, "झोपली आहे."

"मग बरं आहे," असं म्हणून तो वळला. तो गल्लीच्या टोकाला पोचला असेल नसेल तोच आत आक्रोश सुरू झाला. त्याने तो ऐकला की नाही, मला माहीत नाही.

झुबैदाला मी दोष दिला नाही. माझ्या सासूबाईंनी आपल्या तिन्ही मुलांना लहानपणीच बजावलं होतं, की दुधाच्या नात्यातला मृत्यू नोकराच्या तोंडी पाठवायचा नाही. रक्ताच्या पुरुषाने जायचं, टोपी उतरवायची, समोर बसायचं आणि तोंडाने सांगायचं. सासूबाई शाहजाद्यांच्या दूधआई होत्या. एका बाजूला मन्नूबिया आणि दुसऱ्या बाजूला राजाचा नातू, अशी दोघं एकदमच त्यांच्या अंगावर वाढली. त्यामुळे शाहजादे मन्नूबियाचे भाऊ झाले आणि शेवटपर्यंत भाऊच राहिले.

म्हणजे जाणार कोण, तर तिजानी किंवा खमैस. एक तिचा सख्खा भाऊ, एक मुलगा. मी नवरा, मला ते काम नव्हतं.

तिजानी म्हणाला, खमैस जाईल. खमैस म्हणाला, जातो, पण आत्ता नको. तो देशाची घटना लिहिणाऱ्या सभेत निवडून गेला होता. स्वातंत्र्य मिळून सव्वा वर्ष झालं होतं आणि राजाचं काय करायचं ही कुजबूज सुरू झाली होती. अशा वेळी राजघराण्यातल्या माणसाच्या घरी जाताना कुणी बघितलं, तर पक्षात नको ते बोललं जाईल, असं त्याचं म्हणणं. पुढचा शुक्रवार आला. झुबैदा म्हणाली, अजून उठली नाही. त्याच्या पुढच्या शुक्रवारी म्हणाली, ठीक आहे. मग राजवाड्यांवरचे जुने पहारेकरी जाऊन सरकारचे सैनिक आले. मबरूक तरीही येत राहिला. मर्साच्या त्या घरात माझी बायको जिवंत होती, आणि तिच्या गुडघ्यांची चौकशी होत होती.

चाळीसाव्या दिवशी सगळे जमले. सकाळी कुराण वाचणारे येऊन गेले, दुपारी गल्लीभर कुसकुस वाटून झालं. उन्हाने अंगणातल्या फरशीवर पाय ठरत नव्हता, म्हणून आम्ही घरचेच तेवढे ओसरीवर बसलो होतो. समोर मन्नूबियाच्या खोलीचं दार. त्या दाराला आम्ही एक वीट लावून ठेवली होती.

ते दार आमचं नव्हे. राजघराण्यात एक रीत होती. ज्या वाड्यात राजा मेला, त्या वाड्यात पुढचा राजा राहायचा नाही. तो आपला दुसरा वाडा घ्यायचा आणि जुना तसाच सोडून द्यायचा. मग त्याची दारं, खिडक्या, संगमरवर लोक काढून न्यायचे, आणि उरलेल्या भिंतींत घुबडं राहायची. दूध तोडलं तेव्हा सासूबाईंना अशाच एका वाड्याचं दार बक्षीस मिळालं. हिरवं, खिळ्यांच्या नक्षीचं, आमच्या खोलीला जरा मोठंच. लग्नानंतर मन्नूबियाबरोबर ते माझ्या घरी आलं. इतकी वर्षं ते नीट लागत होतं. ती गेल्यापासून लागत नव्हतं. लावलं की थोड्या वेळाने आपोआप उघडायचं. सुताराने बघितलं, बिजागरी ठीक आहे म्हणाला. वारा नसायचा तेव्हाही उघडायचं.

खमैस उशिरा आला. हात धुतले, कुसकुसचे दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. मग म्हणाला, "उद्या बार्दोला सभेची बैठक आहे. राजा ठेवायचा की नाही, ते उद्याच ठरणार."

तिजानी इतका वेळ भिंतीला टेकून डोळे मिटून बसला होता. त्याने डोळे उघडले. "ठरणार की ठरलंय?"

"मामा, सभा आहे. बोलायला मिळतं प्रत्येकाला."

"बोलायला मिळतं," तिजानी म्हणाला. "माझ्या कापडाच्या दुकानात पण गिऱ्हाईकाला बोलायला मिळतं. भाव मीच सांगतो."

कल्थूम हसली. माझी धाकटी, मुलींच्या शाळेत शिकवायची. चळवळीत ती भावाच्या बाजूने होती, तेव्हा ती हसली याचं खमैसला वाईट वाटलं असावं. तो ताठ बसला आणि त्याने सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं. फ्रेंच आले तेव्हा देश त्यांच्या हाती देणाऱ्या कागदावर सही कुणी केली? राजाने. आम्ही तुरुंगात होतो तेव्हा त्यांच्या मेजवान्यांना कोण बसत होतं? सगळं घराणं. शेकड्याने माणसं, एकाने काही काम केलेलं नाही, आणि पगार मात्र देशाने द्यायचा. कशासाठी? त्यांचा खापरपणजोबा घोड्यावर बसून आला होता म्हणून?

तिजानी म्हणाला, एका राजाने सही केली हे खरं, पण एक राजा लोकांच्या बाजूने उभा राहिला म्हणून फ्रेंचांनी त्याला उचलून नेलं आणि तो परक्या देशात मेला, हेही खरं. त्याचं प्रेत आलं तेव्हा खमैस, तू माझ्या शेजारीच चालत होतास. रडत होतास.

"रडत होतो. तो माणूस चांगला होता म्हणून. पण चांगला माणूस मिळणं नशिबावर, आणि तो मिळाला नाही तर करायचं काय, याला तुमच्याकडे उत्तर नाही, मामा. राजाला बदलता येत नाही."

"आणि जो येईल त्याला बदलता येणार?"

"निवडणूक असते."

"बरं," तिजानी म्हणाला. "मी म्हातारा माणूस, मला एवढंच कळतं. आज वर एक जण नुसता बसलेला आहे. करत काही नाही, कबूल. पण तो बसलाय म्हणून तिथे दुसऱ्या कुणाला बसता येत नाही. उद्या ती जागा रिकामी झाली की ज्याच्या हातात सगळं आहे तो पंतप्रधानच जाऊन बसणार. मग त्याला ऊठ कोण म्हणणार? तू म्हणशील?"

तेवढ्यात वीट फरशीवर खरडली आणि दार उघडलं.

फार नाही, वीतभर. आतला अंधार दिसला आणि मन्नूबियाच्या पलंगाची एक कड. आम्ही सगळे बघत राहिलो. कल्थूम उठली, तिने दार लावलं, वीट पुन्हा लावली आणि वर पितळी खल ठेवला. परत येऊन बसताना ती म्हणाली, "दादा, मामांना उत्तर दे."

"तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"गेल्या वर्षी दोन बायका करायची बंदी आली. सही राजाची, पण ते त्याच्या डोक्यातून आलेलं नाही, मला माहीत आहे. मला राजा नको. पण उद्या सगळे एकदम हात वर करतील आणि एकही जण विचारणार नाही की पुढच्याला आवर कोण घालणार. तो प्रश्न तू विचार. मग हात वर कर."

ती त्याच्या बाजूने होती की तिजानीच्या, ते मला कळलं नाही. तिजानीला मात्र वाटलं आपली सरशी झाली. तो रंगात येऊन म्हणाला, दुधाचा मान म्हणून काही असतो. आजीने ज्याला अंगावर पाजलं त्याला नातवाने घराबाहेर काढायचं, ही कुठली रीत?

झुबैदाने पाण्याची सुरई खाली ठेवली. "दादा, तू नको बोलूस मानाचं. दर ईदेला नवे कपडे घालून शाहजाद्यांचा हात चुंबायला पहिला तू जायचास. सैनिक आल्यापासून गेलास का एकदा तरी? आपली बहीण गेली हे सांगायला तुझ्या पायात गोळे आले. दर शुक्रवारी त्या म्हाताऱ्याशी खोटं मी बोलते, मी."

"मी कापडवाला आहे. मला उचलून नेलं तर विचारणार कोण?"

"मग मानाचं बोलू नकोस."

त्यानंतर तिने जे सांगितलं ते ती पाच दिवस पोटात ठेवून होती. गेल्या शुक्रवारी मबरूकने बाटली दिली आणि नेहमीसारखं विचारलं. मग स्वतःशीच हसला. म्हणाला, काल लल्ला स्वतःच मर्साला येऊन गेल्या असं शाहजादे म्हणतात, तेव्हा मी विचारायचं तसं कारण नाही, सवयीने विचारतो.

मी विचारलं, "काय म्हणाली ती?"

मी असं विचारायला नको होतं. कोण आली होती, असं विचारायला हवं होतं. पण तोंडून तेच निघालं.

झुबैदा माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हणाली, खमैस येणार आहे."

तिजानीने पुटपुटत अल्लाचं नाव घेतलं. खमैस म्हणाला, म्हातारा माणूस, एकटा, कोंडलेला, त्याला भास होणारच. हे बोलताना त्याचं लक्ष त्या विटेकडे होतं.

मी टोप्या करणारा माणूस, राज्यकारभारातलं मला कळत नाही. राजा असला तरी लोक लाल टोपी घालतात आणि नसला तरी घालतील. पण मला रात्री नीट झोप येत नव्हती. आपली बायको एका घरात मेलेली आहे आणि एका घरात मेलेली नाही, असं वाटत राहायचं.

मी म्हणालो, "खमैस, आज जा. उद्या हात वर कर नाहीतर खाली ठेव, मी तुला विचारणार नाही. पण उद्यानंतर गेलास तर तू त्यांना घराबाहेर काढणारा म्हणून जाशील. आज गेलास तर तिचा मुलगा म्हणून जाशील. तुझ्या आईची बातमी आहे ती."

खमैसने उठून चपला घातल्या. निघताना झुबैदाने त्याच्या हातात एक पांढरी टोपी दिली. शाहजाद्यांच्या टोप्या मन्नूबियाच विणायची, आणि ही तिची शेवटची. आमच्याकडे टोपी आधी पांढऱ्या लोकरीची, हंडीएवढी मोठी विणतात. मग साबणाच्या गरम पाण्यात तुडवून तुडवून ती आक्रसते आणि डोक्याच्या मापाची होते. रंग त्यानंतर. ही अजून तुडवायची राहिली होती. झुबैदा म्हणाली, तुला तोंडाने सांगता आलं नाही तर ही दे, त्यांना कळेल.

मीही त्याच्याबरोबर निघालो. मर्साच्या गाडीत आम्ही समोरासमोर बसलो. ऊन उतरायला लागलं होतं. फाटकाशी सैनिक होते. खमैसने सभेचं ओळखपत्र दाखवलं, तर त्यांनी त्याला सलाम केला. माझी चौकशी झाली, मी म्हणालो मी इथेच थांबतो. बागेतल्या फुलझाडांना बरेच दिवस पाणी दिलेलं दिसत नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या. एकीची फळी हलली. कुणीतरी बघत असावं.

आत जे झालं ते खमैसने मला परतीच्या गाडीत सांगितलं. तो सांगत होता तसंच लिहितो.

मबरूकने त्याला वर नेलं. शाहजादे ईदेला बसतात तसे पूर्ण पोशाखात, बंद खिडक्यांच्या खोलीत बसले होते. समोर तबकात तीन पेले. दोन स्वच्छ, एकात अर्धी कॉफी. खमैसने उंबऱ्यातच टोपी उतरवली आणि तो समोर जाऊन बसला. शाहजाद्यांनी त्याच्या उघड्या डोक्याकडे नीट बघितलं. दूधआईच्या घरचा पुरुष बोडक्या डोक्याने आला म्हणजे काय, हे त्यांना माहीत नसेल असं होणार नाही. ते म्हणाले, "उकडतंय ना. घाल टोपी परत, आम्ही काही मनावर घेत नाही."

खमैस म्हणाला, "मामा, आईची..."

"आत्ताच गेली. कॉफी बघ, अर्धी टाकली. पण गुडघा बरा दिसला हं तिचा. जिना चढून आली, मध्ये थांबली नाही."

खमैसने पुन्हा तोंड उघडलं. शाहजाद्यांनी हात वर केला. "ती सांगून गेली, पोराला काही विचारू नका, उद्या त्याला बोलायचंय. म्हणून मी विचारत नाही. तूही सांगू नकोस."

मग ते स्वतःच बोलत राहिले. रागाने नाही. म्हणाले, आमच्या घराण्याने वाईट राजे दिले, तुम्ही हिशेब केलात तर चुकणार नाही. मला कधी राज्य मिळणार नव्हतं, त्यामुळे मला त्याचं दुःखही नाही. एकच गोष्ट मनात येते. राजा मेला की आम्ही वाडा सोडतो, लोक दारं नेतात, आणि ती दारं कुणाच्या ना कुणाच्या घरी लागतात. पण तेव्हा पुढचा राजा असतो. या वेळी पुढचा नाही. मग ही सगळी दारं जाणार कुठे?



"तुझ्या आईच्या खोलीचं दार आमच्या आजोबांच्या वाड्याचं," शाहजादे म्हणाले. "ते उघडलं की मला इथे ऐकू येतं. आज दुपारी उघडलं. मग कुणीतरी त्याच्यापुढे काहीतरी जड ठेवलं. पितळेचं. असं करू नका. तिला जायला यायला त्रास होतो."

गाडीत खमैस मला म्हणाला, बाबा, त्या खलाचं मी तिथे बोललो नव्हतो. मी मबरूकशीही बोललो नव्हतो.

शेवटी त्याने ती पांढरी टोपी काढून पुढे ठेवली. शाहजाद्यांनी ती दोन्ही हातांत घेतली, फिरवून टाके बघितले आणि आपली लाल टोपी काढून ती पांढरी डोक्यावर चढवली. ती एवढी मोठी, की भुवयांवरून, डोळ्यांवरून खाली आली आणि नाकावर टेकली. ते तसेच बसून राहिले. टोपीच्या आतून म्हणाले, "अजून तुडवलेली नाही. तिला म्हणावं, घाई नाही."

खमैस उठला आणि बाहेर आला.

गाडी तळ्याच्या काठाने जात होती. त्याने मला विचारलं, "मी टोपी उतरवली होती, बाबा. समोर बसलो होतो. म्हणजे सांगितल्यासारखंच झालं ना?"

"तोंडाने सांगायचं असतं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी बाजारातल्या सगळ्या टोपीवाल्यांनी एकाच रेडिओभोवती गर्दी केली होती. कामं बंद. एकामागून एक माणूस उठत होता आणि राजांचे गुन्हे सांगत होता, आणि जे सांगत होता त्यातलं बरंचसं खरं होतं. मी खमैसचा आवाज ऐकायला कान लावून बसलो होतो. तो आला नाही. संध्याकाळी जाहीर झालं की राजेशाही संपली. बाजारात लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. माझ्याही पडले. मला वाईट वाटलं नाही, हेही सांगायला हवं.

खमैस घरी आला तेव्हा कल्थूम ओसरीवर बसली होती. तिने विचारलं, हात वर केलास?

"केला."

"आणि तिजानीमामांचा प्रश्न?"

"कागद खिशात होता. उठणार होतो. तेवढ्यात मागे दार उघडल्यासारखं वाटलं. वळून बघितलं तर कुणी नव्हतं. तोवर माझी वेळ गेली." मग तो म्हणाला, "मी मनापासून हात वर केला, कल्थूम. राजा नको हे मला पटतं. आजही पटतं. फक्त त्या खोलीत बसलो होतो तेवढा वेळ पटत नव्हतं."

त्याने जाऊन दाराशी ठेवलेला खल काढला आणि वीटही काढली.

मग शुक्रवार आला. आम्ही सगळे ऐकत होतो, पण दार वाजलं नाही. दुपारी मी बाहेर पडलो तर उंबऱ्यावर नारंगीच्या फुलांच्या पाण्याची बाटली ठेवलेली. गल्लीत कुणी नव्हतं. झुबैदाने शपथ घेतली की तिने मबरूकला बघितलं नाही. नंतर कळलं की मर्साचं घर आदल्या दिवशीच रिकामं केलं होतं आणि मबरूकला त्याच्या गावी पाठवून दिलं होतं.

शाहजादे आता मन्नूबा नावाच्या गावी दोन खोल्यांत राहतात. पत्ता तिजानीकडे आहे, खमैसकडेही आहे. तिजानी म्हणतो, थंडी पडू दे. खमैसला नव्या सरकारात मोठं काम मिळालं आहे आणि तो म्हणतो, जातो. मर्साच्या घराची दारं कुणीतरी काढून नेली असं ऐकलं. मन्नूबियाच्या खोलीचं दार आता उघडंच असतं. बाटल्या येतात, मी त्या फडताळात ओळीने ठेवतो.

मन्नूबिया गेली हे फरहात यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.